४८ घरे, ६७ किलो कचरा आणि महिन्याचे १७५ रुपये : कोल्हापुरातील एका सोसायटीचा हिशेब

नागाळा पार्कातली ४८ सदनिकांची इमारत. सकाळी सातच्या सुमारास महापालिकेचा टिपर गेटवर येतो आणि तळमजल्यावरची दोन निळी पिंपे त्यात उलटी होतात. भाजीची देठे, काल रात्रीचा रस्सा, दुधाच्या पिशव्या, कुरिअरचे खोके, डायपर, सगळे एकावर एक. रद्दी आणि बाटल्या त्याआधीच भंगारवाल्याकडे गेलेल्या असतात. उरलेला सारा माल कसबा बावड्याच्या झूम या कचरा प्रकल्पाकडे रवाना होतो. रश्शात भिजलेले खोके तिथे पोचेपर्यंत ना खताच्या कामाचे राहते, ना रद्दीच्या.

ही इमारत नमुन्यादाखल घेतली आहे. घरांची संख्या, वजने आणि दर हिशेबासाठी धरलेले आहेत. भंगाराचा भाव तर आठवड्यालाही बदलतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या इमारतीचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा. प्रश्न एकच आहे : कचरा वेगळा करायला लोकांना पैशाची ओढ लावायची, तर ती नेमकी कुठे लावायची?

आमचे मत आधीच सांगतो. बहुतेक योजना भंगाराला भाव देतात, आणि तिथेच चुकतात. भंगाराला भाव भंगारवाला देतोच आहे. मोल द्यायला हवे ते स्वच्छ ओल्या बादलीला.

कचऱ्याचे वजन आणि त्याची किंमत

घरटी दिवसाला १.४ किलो धरले, तर ४८ घरांचे ६७ किलो होतात. त्यात ओला कचरा साधारण ४० किलो, सुका २० आणि उरलेले ७ किलो म्हणजे पॅड, डायपर, झाडलोटीची धूळ, औषधे, सेल, ट्यूबलाइट. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानले होते, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर वेगळी जबाबदारी टाकली होती. आपली इमारत दोन्हींत बसत नाही. कचरा वेगळा देण्याचे बंधन प्रत्येक घरावर आहे, पण खत इथेच करा असा तगादा या इमारतीमागे कोणी लावणार नाही. म्हणूनच इथे प्रोत्साहनाचा प्रश्न खरा आहे.

आता सुक्याची किंमत पाहू. महिन्याला ६०० किलो सुका कचरा, पण त्यातला विकण्याजोगा निम्म्याहून कमीच. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल यांना गिऱ्हाईक नाही. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, जाड प्लास्टिक, पत्र्याचे डबे मिळून २४० किलो निघाले आणि सरासरी १० रुपये भाव धरला, तर महिन्याला २,४०० रुपये आले. ४८ घरांत वाटले की घरटी ५० रुपये. दिवसाला पावणेदोन रुपयेही नाहीत! एवढ्यासाठी कोणी चार डबे मांडून बसणार नाही, आणि लोकांना त्यासाठी आळशी म्हणण्यातही अर्थ नाही. पण हेच २,४०० रुपये एका हातात पडले, तर रोज दोन तास काम करणाऱ्या बाईच्या पगाराचा निम्मा भार उचलतात. वाटून नगण्य होणारी रक्कम एकत्र ठेवली की कामाची होते. पुढची सगळी रचना यावर उभी आहे.

दुधाची पिशवी

एक वस्तू जवळून पाहू. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण ३ ग्रॅमची. एक किलो व्हायला तीनशेहून अधिक पिशव्या लागतात. १० रुपये किलोने एका पिशवीचे मोल झाले ३ पैसे. ती विसळायची, नळावर उलटी टांगून वाळवायची, साठवायची, आणि त्याचे मिळणार ३ पैसे.

महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापण्याची तरतूद होती. ३ पैशांचे ५० पैसे म्हणजे सोळापट. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला भंगारात महिन्याचे दोन रुपयेही सुटत नाहीत, परताव्यात तीस रुपये सुटतात. शिवाय ते आधी दिलेले स्वतःचेच पैसे असतात, म्हणून ते सोडवत नाहीत. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणल्यावर परत देतात, त्यामागेही हेच आहे. जुन्या काळी सोड्याच्या बाटलीचे डिपॉझिट ठेवणाऱ्या आपल्या दुकानदारांना हे कोणी शिकवले नव्हते. मात्र परतावा विक्रीच्या साखळीतच बसवावा लागतो. दूध संघ, वितरक आणि दुकानदार यांनी मिळून करायचे ते काम एका सोसायटीला एकटीने करता येत नाही. सोसायटीला जमते ते एवढेच, की पिशवी ओल्या कचऱ्यात जाऊ द्यायची नाही.

पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, एका कडेला लटकता ठेवावा. तुटलेला त्रिकोण सिंकमधून ओल्या बादलीत जातो, तिथून खतात. पुढे गुलाबाच्या कुंडीत पाच वर्षांनीही तो जसाच्या तसा सापडतो. चाळणीतून खत काढताना सर्वांत जास्त काय निघते, तर हे त्रिकोण, रबरबँड आणि शाम्पूच्या पुड्यांची तोंडे.

पहिला आराखडा, आणि त्यातली गोम

सर्वसाधारण सभेत ठराव करून मेंटेनन्सच्या बिलात दरमहा १५० रुपये 'कचरा हाताळणी' म्हणून लावायचे. ओली बादली स्वच्छ दिली, तर त्यातले १०० रुपये पुढच्या बिलात वजा. आधी भरायचे आणि मग सोडवून घ्यायचे, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. वरून मिळालेल्या शंभरापेक्षा खिशातून गेलेले शंभर माणसाला जास्त टोचतात.

हिशेब असा. जमा ४८ × १५० = ७,२०० रुपये. ४० घरांनी पूर्ण परतावा मिळवला, तर ४,००० परत गेले, उरले ३,२००. त्यात भंगाराचे २,४०० मिळवले की ५,६००. खर्चात कचरा पाहणाऱ्या आणि ओल्याचे खत करायचे आवारातले खड्डे सांभाळणाऱ्या ताईंना रोज दोन तासांचे ४,५०० रुपये, भुसा, गूळ, ताक यांना ४००, हातमोजे, मास्क, साबण यांना ३००. एकूण ५,२००. म्हणजे ४०० रुपये शिल्लक.

कागदावर छान दिसते. पण योजना पूर्ण यशस्वी झाली असे समजा. ४८ च्या ४८ घरांनी परतावा मिळवला, तर ४,८०० परत जातात, उरतात २,४००, त्यात भंगाराचे २,४००, एकूण ४,८००. खर्च मात्र ५,२००. सगळे नीट वागले की ४०० रुपयांचा खड्डा! चुकणाऱ्यांच्या पैशावर चालणारी योजना लोक सुधारले की बंद पडते. दंडाच्या उत्पन्नावर पगार भागवणाऱ्या प्रत्येक योजनेत ही गोम असते, आणि ती पहिल्या सहा महिन्यांत दिसत नाही, कारण तोवर चुकणारे भरपूर असतात.

त्यावर उपाय असा, की कधीच परत न जाणारा भाग एकट्याने खर्च पेलेल इतका ठेवायचा, आणि तोही भंगाराचा भाव पडलेला धरून. सरासरी भाव १० वरून ७ रुपयांवर आला, तर भंगाराचे १,६८० होतात. खर्चाला ३,५२० कमी पडतात. ४८ घरांवर टाकले, तर प्रत्येकी ७३ रुपये ३३ पैसे. म्हणून स्थिर भाग ७५ आणि परत मिळणारा भाग १००, मिळून १७५. हा आकडा सभेत गळी उतरवणे दीडशेपेक्षा अवघड जाते, पण वर्षाच्या मधोमध वाढ मागण्यापेक्षा ते बरे. भाव चांगला असेल तेव्हा जे जास्त उरेल, ते पडत्या महिन्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे.

परतावा मोजायचा कसा

सुचणारा पहिला नियम असतो, 'महिन्यात ५ पेक्षा जास्त वेळा चूक झाली तर परतावा नाही.' तो टाळावा. ज्या घराच्या सहा चुका १५ तारखेलाच झाल्या, त्याला उरलेला महिना नीट वागायचे कारणच राहत नाही. त्याऐवजी प्रत्येक स्वच्छ दिवसाचे ४ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त १००. पंचवीस दिवस नीट दिले की पूर्ण परतावा, वरचे पाच दिवस पाहुणे, आजारपण, लग्नकार्य यांना मोकळे. घर बंद असेल तो दिवस स्वच्छच धरायचा, कारण त्या दिवशी कचरा झालाच नाही.

स्वच्छ म्हणजे काय, तेही एका ओळीत ठरवावे : बादलीत पिशवी नाही, आणि क्रेटमध्ये ओतल्यावर प्लास्टिक, काच, धातू, पॅड-डायपर दिसत नाही. बादलीला आतून वर्तमानपत्र लावले तर चालते. काळी पिशवी चालत नाही, कारण ती गाठ मारून आली की आत काय आहे ते कोणी पाहत नाही. नुसते झाकण उघडून वरून बघणेही पुरेसे नाही. वर कोथिंबिरीच्या काड्या आणि तळाशी दह्याचा डबा, हे नेहमीचे. म्हणून बादली क्रेटमध्ये ओतूनच खूण करायची. एका घराला एक मिनिट, ४८ घरांना पाऊण-एक तास. बादलीच्या कडीला ३० चौकोनांचे कार्ड बांधलेले असावे, त्यावर बरोबर किंवा आडवी रेघ. कोणाची किती चुकली हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. फलकावर फक्त संपूर्ण इमारतीचे स्वच्छ दिवस लिहावेत.

इथे एक नाजूक गोष्ट आहे, आणि बहुतेक समित्या ती विसरतात. रेघ मारणारी बाई इमारतीत सर्वांत कमी पगाराची असते. चेअरमनच्या बादलीवर आडवी रेघ मारण्याची तिची छाती होणार नाही, आणि एका घराला सूट मिळाल्याचे कळले की महिन्याभरात कार्डाची पत संपते. म्हणून पहिले दोन आठवडे समितीतला एक जण रोज तिच्या शेजारी उभा राहावा आणि तक्रार आली तर उत्तर त्याने द्यावे. तिचा पगार रेघांवर अवलंबून नसावा. भंगाराचे मात्र २,४०० च्या वर येणारे पैसे तिचे ठरवले, तर पुठ्ठा कोरडा ठेवण्यात तिचा स्वतःचा फायदा होतो आणि सोसायटीचा हिशेब बिघडत नाही. हे काम शक्यतो त्या परिसरातल्या कचरावेचक महिलेलाच द्यावे. इमारतीचा सुका माल बाहेर पडणे थांबले, तर सर्वांत आधी तिचीच कमाई जाते. कोल्हापुरात अवनि संस्था अशा महिलांसोबत काम करते, तिथे आधी विचारावे.

पैसे भरणारा आणि बादली भरणारा

बिल मालकाच्या नावाचे, बादली भरणाऱ्या कामवाल्या मावशी, आणि घरात राहणारा भाडेकरू. घरफाळ्यात सवलत द्यावी ही मागणी नेहमी होते आणि ती चांगलीच आहे, पण ती वर्षातून एकदा, मालकाच्या पावतीवर उमटते. सिंकजवळ उभ्या असलेल्या मावशींपर्यंत तिचा एक पैसाही येत नाही. भाडेकरूच्या घरी परतावा भाडेकरूला मिळेल, असे ठरावातच लिहावे. मावशींच्या बाबतीत रद्दी-बाटल्यांचे पैसे त्यांचे, ही अनेक घरांत असलेली जुनी रीत पुढे चालवावी. त्यांना इमारतीत एकत्र बोलावून दहा मिनिटे ओला, सुका आणि उरलेला अशा तीन बादल्या दाखवाव्यात. मालकिणीने सांगितलेले आणि ताईने दाखवलेले यांत फरक पडतो.

किलोवर बक्षीस, दंड आणि पिशवीचा दर

सुक्या कचऱ्याला किलोमागे गुण देणाऱ्या योजनेत पुठ्ठा भिजवून आणला जातो आणि मेव्हण्याच्या दुकानातले खोके घरचे म्हणून येतात. शिवाय जो जास्त विकत घेतो त्याला जास्त गुण मिळतात. बाजाराला कापडी पिशवी नेणाऱ्या घराच्या हाती काहीच लागत नाही.

नुसत्या दंडाचेही तसेच. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. दंड काढून टाकल्यावरही ते कमी झाले नाहीत. आधी संकोच वाटत होता, आता 'पैसे दिले की झाले' अशी भावना झाली. वेगळे न करणाऱ्याला शंभर रुपये दंड म्हटले, की चांगल्या पगाराचे घर तो भाड्यासारखा भरते. परताव्यातही हा धोका थोडा राहतो, आणि तीन महिने सलग एकही स्वच्छ दिवस नसलेल्या घराशी सेक्रेटरीने प्रत्यक्ष जाऊन बोलण्याला दुसरा पर्याय नाही.

दक्षिण कोरियाने १९९५ पासून मिश्र कचरा ठरावीक विकतच्या पिशवीतच द्यायचा केला आणि पुनर्वापराचा माल मोफत उचलला. ही पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे पिशवीमागे पैसे लावले, तर रात्री पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवून कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यावर किंवा नाल्याच्या पुलावरून टाकली जाईल. जयंती नाल्यात पडलेले शेवटी पंचगंगेत जाते. म्हणून आमच्या आराखड्यात कचरा देण्यावर शुल्क कुठेच नाही. शुल्क सर्वांना सारखे आणि परतावा बादलीच्या स्वच्छतेला, त्यामुळे बाहेर फेकून कोणाचे काही वाचत नाही.

खड्डे

हे खड्डे म्हणजे जमिनीवरचे हौदच. रोज ४० किलो ओल्यासाठी विटांच्या जाळीदार भिंतींचे ७ फूट × साडेतीन फूट × ३ फूट मापाचे चार हौद लागतात. एक भरायला तीन ते चार आठवडे. चौथा भरेपर्यंत पहिल्याला नऊ ते बारा आठवडे मिळतात आणि तो काढायला येतो. तळ जमिनीपासून वीतभर उंच, वर पत्रा, कडेने पाणी जायला चर. बांधकामाला ६०,००० रुपये धरले तर घरटी १,२५० एकदाच. महिन्याला १८० ते २४० किलो खत निघते. ते १० रुपये किलोने विकले गेले तर अडीच-तीन वर्षांत खर्च भरून येईल, पण पहिल्या वर्षी खताचे उत्पन्न शून्यच धरावे.

रोजच्या ४० किलो ओल्यावर ८ ते १० किलो कोरडे लागते. वाळका पाला, तोडलेले उसाचे पाचट, वखारीतला भुसा. नुसता भुसा घालू नये, तो दाबून बसतो आणि हवा अडते. प्लायवूडचा भुसा तर घेऊच नये, त्यात डिंकाची रसायने असतात. विरजणासाठी १ किलो शेण, १०० ग्रॅम गूळ, १ लिटर ताक १० लिटर पाण्यात कालवून दोन दिवस ठेवावे आणि थरावर शिंपडावे. मूठभर माल घट्ट पिळला की बोटांत ओल जाणवावी, थेंब गळू नये. थेंब पडले तर कोरडे वाढवा, मूठ उघडताच माल भुरभुरला तर पाणी मारा. ढीग मधोमध हाताला चटका देईल इतका तापला पाहिजे. नाही तापला तर बहुधा फार ओला आहे किंवा फार दाबलेला. कुजका वास येतो तो हवा न मिळाल्याचा, त्याला औषध फवारण्यापेक्षा फावड्याने उलथणे बरे.

रविवारी हाडे येणारच. कोल्हापुरात ती येऊ नयेत असा नियम करणे व्यर्थ आहे. लहान हाडे तापलेल्या ढिगाच्या मधोमध, वर वीतभर पाला. नळीची मोठी हाडे वेगळ्या डब्यात, टिपरला. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी यांचाही वेगळा डबा. गणपतीच्या दिवसांत निर्माल्याचे दोरे, जरी आणि प्लास्टिकची फुले काढल्याशिवाय काही आत घेऊ नये.

टिपर आला की उरलेले ७ किलो, न विकला जाणारा सुका माल आणि ही हाडे जातात. विकण्याजोगा सुका माल रोज टिपरला देऊ नये, आठवड्यातून एकदा भंगारवाल्याला बोलावून समोर वजन करून द्यावा. घराघरात वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत एकत्र होताना लोकांनी एकदा पाहिला, की पुढचे सहा महिने कोणतेही बक्षीस कामाला येत नाही. उलट आपण दिलेल्याचे काय झाले हे दिसले, तर माणसे पैशांशिवायही देतात. पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कारासाठी होळीला शेणी म्हणजे गोवऱ्या दान करणारे हेच शहर आहे. म्हणून खताचे पहिले पोते विकू नये. प्रत्येक घराला दोन-दोन किलो द्यावे, उरलेले गेटजवळच्या झाडांना घालावे.

सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीत करावी. थंडी-उन्हाळ्यात दोन हौद कोरडेपणाने पिकून निघतात आणि ताईंचा हात बसतो. जूनमध्ये आरंभ केला तर पहिल्याच महिन्यात ढीग चिंब होतो, अळ्या भिंतींवर चढतात आणि तळमजल्यावरची चार घरे योजना बंद करायला सभा मागतात. पावसाळ्यात कोरडे दीडपट लागते आणि ते तेव्हा कुठेच मिळत नाही. मे संपायच्या आत भुशाची आणि पाल्याची पोती जिन्याखाली रचून ठेवावीत, साठ दिवस पुरतील इतकी.